लाल गोळी कधी खायची?

रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटं घराघरांत कुठे ठेवलेली असतात, ते माझ्या धाकट्या जावेला विचारावं. ती आमच्या गावची आशा, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. देव्हाऱ्यामागे, ज्वारीच्या कोठीवर, आधारकार्डाच्या पिशवीत, गादीखाली, शोकेसमधल्या कधीच न वापरलेल्या कपात, आणि एका घरात तर भेंडीच्या बियाण्याच्या डब्यात. पाकिटं बहुतेक घरांत असतात. भरलेली असतात, हीच तर अडचण. चौथ्या महिन्यात दिलेलं पाकीट सातव्या महिन्यात दोन-तीन गोळ्या फोडलेलं सापडतं, आणि जावेनं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "घेते की ताई, रोज घेते."

याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आशाताईला वाईट वाटू नये, सासूसमोर शोभा होऊ नये आणि विषय तिथंच मिटावा, एवढंच त्या 'घेते की'त असतं. पण मीटिंगांमध्ये हा विषय निघाला की तीच ती कारणं ऐकू येतात. बायकांना समज नाही, फुकटच्या वस्तूला किंमत नसते, कितीही सांगा ऐकत नाहीत. मी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त झाले. जावेची रजिस्टरं भरायला बसते आणि त्या निमित्तानं तिच्याबरोबर घरोघरी जाते. मला या कारणांत दम वाटत नाही. ज्या बाईसाठी ही गोळी काढली आहे, तिच्या दिवसात ती गोळी घ्यायला मोकळी जागाच नाही, असं माझं सरळ म्हणणं आहे.

आधी गोळीबद्दल. गरोदर बाईला मिळते ती लाल गोळी. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक मिळते ती निळी, त्याहून लहान मुलांना गुलाबी. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. २०१८ पासून 'ॲनिमियामुक्त भारत' या नावानं जे काम चालतं, त्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० गोळ्या बाळंतपणाआधी आणि तितक्याच बाळंतपणानंतर घ्यायच्या असतात. माझ्या वेळी गोळी १०० मिलिग्रॅमची होती आणि शंभर दिवसांची होती. लोहाचं प्रमाण कमी केलं ते बरंच झालं, कारण जितकं लोह जास्त तितकी मळमळ जास्त.

एवढं लोह लागतं कशाला? गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. बाळाला हवं, वारेला हवं, बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताची तजवीज हवी. सगळं धरून नऊ महिन्यांत साधारण १००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं. ज्या मुलीची पाळी सुरू झाल्यापासून शिल्लक कधी पडलीच नाही, तिनं ते आणायचं कुठून? ज्वारी-बाजरीत, डाळीत, पालेभाजीत लोह आहे, पण धान्या-कडधान्यांतल्या फायटेट नावाच्या द्रव्यामुळे त्यातलं फार थोडं अंगी लागतं. त्यामुळे "पालक खा, बीट खा, गोळ्या कशाला?" असं म्हणणाऱ्या मोबाइलवरच्या आहारतज्ज्ञांचा मला राग येतो. खाणं सुधारावंच. पण सहाव्या महिन्यात जिचं रक्त आठ आहे, तिची तूट पालकाच्या जुडीनं भरून निघत नाही.

आकडे एकदाच सांगते. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. आधीच्या पाहणीत हा आकडा ५०.४ होता. महाराष्ट्रात तो ४५.७ टक्के आला. त्याच पाहणीत शेवटच्या गरोदरपणात शंभर किंवा जास्त दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या बायका देशभरात ४४ टक्के होत्या. १८० दिवस घेतल्याचं सांगणाऱ्या फक्त २६ टक्के. तेही 'सांगणाऱ्या'. त्यात 'घेते की ताई' किती, हे जावेला विचारून आकडा अजून खाली आणता येईल.

आता घड्याळ बघू. चौदाव्या आठवड्यापासून बाईला लोहाच्या गोळीबरोबर कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात, दिवसाला दोन. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घ्यायची. लोहाची तिच्याबरोबर घ्यायची नाही, कारण कॅल्शियम लोहाला आतड्यात शोषू देत नाही. म्हणून मध्ये दोन तासांचं अंतर हवं. चहाच्या आगेमागे लोहाची गोळी घेऊ नये, चहातल्या टॅनिनमुळे लोह वाया जातं. दुधाबरोबर नको. रिकाम्या पोटी घेतली तर अंगी जास्त लागते, पण रिकाम्या पोटीच सगळ्यात जास्त मळमळतं. लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतली तर उत्तम.

यातली एकही सूचना चुकीची नाही. पण जावेबरोबर मी जिच्याकडे जाते, त्या एका पोरीचा दिवस असा आहे. पहाटे पाचला उठून पाणी तापवायचं, चहा टाकायचा आणि रिकाम्या पोटी तो प्यायचा. मग भाकऱ्या, डबे, धारा, झाडलोट. नऊ वाजता उभ्या-उभ्या अर्धी भाकरी आणि पुन्हा चहा. दहाला रानात खुरपायला. दुपारी बांधावर जेवण. चारला परत, की चहा. सातला चूल. साडेआठला सासरे, नवरा, दीर जेवतात, मग सासूबाई, मग ही. जेवण, खरकटं, भांडी आटोपेपर्यंत दहा वाजतात आणि ती जिथं पाठ टेकते तिथंच झोपते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, त्यापासून दोन तास लांब आणि चहापासून तास-दीड तास लांब अशी लोहाच्या गोळीची जागा या दिवसात शोधून दाखवावी. मी आयुष्यभर शाळेची वेळापत्रकं बसवली आहेत. दोन शिक्षक रजेवर असताना सहा वर्ग चालवले आहेत. हे वेळापत्रक मला बसवता आलेलं नाही.

बसवता आलं असतं, जर दुपारचा चार वाजताचा चहा तिला नाही म्हणता आला असता, किंवा रात्री ती सगळ्यांच्या आधी जेवली असती. दोन्ही गोष्टी तिच्या हातातल्या नाहीत. पोटुशी सून सासऱ्यांच्या आधी ताटावर बसली, असं आमच्याकडे डोहाळजेवणाच्या दिवशी घडतं. त्या दिवशी तिला फुलांची वाडी घालतात, झोपाळ्यावर बसवतात, पंचपक्वान्नं वाढतात, बर्फी की पेढा ओळखायला लावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ती शेवटी जेवते.

आणि चहाला मी वैरी ठरवणार नाही. ज्या बाईला नऊपर्यंत पोटात काही टाकायला मिळत नाही, तिला तो चहाच चालता ठेवतो. "चहा बंद करा" हे सांगणं सोपं आहे. सांगणारे स्वतः तिच्या हातचा चहा पीत असतात.

गोळीबद्दल जे समज आहेत, त्यांची यादी आरोग्य खात्याच्या पुस्तिकांत असतेच. गोळीनं बाळ काळं होतं, बाळ फार मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं, गोळ्या उष्ण पडतात. पुस्तिकेत त्यांना 'गैरसमज' म्हणून एका रांगेत उभं करतात. मला त्यातली प्रत्येक गोष्ट वेगळी वाटते. काळ्या बाळाची भीती कुठून आली ते उघड आहे. गोळी सुरू झाली की शी काळी होते. अंगी न लागलेलं लोह तसंच बाहेर पडतं, त्यानं काही अपाय नसतो. पण हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी काळं झालेलं पाहिलं आणि तिथून पोटातल्या बाळापर्यंत तिची कल्पना गेली. पाकीट हातात देताना "शी काळी होईल, घाबरू नको" हे वाक्य आधी बोललं, तर ही भीती निम्मी उतरते. माझी जाऊ ते बोलते, अगदी चारचौघांत, आणि बायका पदर तोंडाला लावून हसतात. हसल्या की त्यांच्या ते लक्षात राहतं.

मोठ्या बाळाची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जिची आई किंवा बहीण बाळंतपणात अडली, तिला बाळ लहान राहिलेलंच बरं वाटतं. तिच्याशी वजनाच्या तक्त्यावरून वाद घालून उपयोग होत नाही. रक्त कमी असलं तर बाळंतपणात रक्तस्राव जास्त होतो, हे मात्र तिला पटतं, कारण तेही तिनं पाहिलेलं असतं. २०२३ मध्ये पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांतल्या हजारो बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिमोग्लोबिन जितकं खाली, तितका बाळंतपणानंतरच्या मोठ्या रक्तस्रावाचा धोका वर, असंच दिसलं. जावेला मी ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे आमच्या आत्याबाईंना कुणी न शिकवता म्हाईत होतं." आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. गावात त्या बाळंतपणं करायच्या.

मग बद्धकोष्ठ. याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि माझ्या मते गोळ्या सोडण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. गरोदरपणात पोट तसंही साफ होत नाही, त्यात लोह. "पाणी भरपूर प्या, पालेभाज्या खा" हा त्यावरचा सल्ला. दर वर्षी दिवाळीच्या आसपास आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या मागच्या माळावर पाचटाच्या कोप्या पडतात. त्यांच्यातही पोटुशा असतातच. त्या जावेच्या रजिस्टरमध्ये नसतात. त्यांचं नाव त्यांच्या गावच्या आशेकडे, आणि त्या मार्च-एप्रिलपर्यंत इकडे. जाऊ तरी तिकडे जाते. तिथल्या एकीनं पिशवीतून पाकीट काढून दाखवलं, गावाहून निघताना दिलेलं, व्यवस्थित जपलेलं. का घेत नाहीस म्हटल्यावर ती म्हणाली, "फडावर पानी कमीच पिते मी. गड्यांच्यात बसायचं कुठं? आन ती गोळी खाल्ली की पोट घट्ट व्हतं, तीन-तीन दिस." पहाटे चारला फडावर जाणारी बाई, दिवसभर उन्हात मोळ्या उचलणारी, आडोसा नाही म्हणून तहान मारणारी. तिला भरपूर पाणी प्या म्हणून सांगायला जावेचंही तोंड उघडलं नाही. तिनं दवाखान्यात नाव नोंदवून घेतलं, नऊ तारखेच्या तपासणीला ये म्हणून सांगितलं. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते, २०१६ पासून. पण नऊ तारखेला फडावर खाडा केला तर मुकादम पैसे कापतो.

लाल गोळीतली दुसरी गोष्ट म्हणजे फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व, आणि त्याची गोष्ट मुंबईत, परळला सुरू होते. फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं म्हणून सांगते. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायकांना होणारा एक विचित्र पंडुरोग, ज्यात रक्तातल्या पेशी मोठ्या दिसतात, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. गिरण्यांच्या परिसरातल्या गरीब बायकांमध्ये तो फार होता आणि त्यात त्या मरत होत्या. हाफकिन संस्थेत तिचं काम चाले. जंतू सापडतो का ते पाहून झालं. मग तिनं या बायका काय खातात याकडे मोर्चा वळवला. उंदरांना तसाच आहार देऊन पाहिला, माकडांना दिला. आणि शेवटी गुण आला तो मार्माइटनं. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खातात, स्वस्तातला. १९३१ मध्ये तिनं ते छापलं. त्यात नेमकं काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं, तेच फॉलिक ॲसिड, आणि पुढे चार-पाच वर्षांत अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं ते प्रयोगशाळेत तयार केलं. परळच्या बायकांच्या ताटापासून निघून ते आज आमच्या गावच्या बियाण्याच्या डब्यात येऊन पडलं आहे.

त्या फॉलिक ॲसिडचं एक दुखणं वेगळंच आहे. बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत मिटते. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिड हवं, हे १९९१ च्या ब्रिटिश अभ्यासानं पक्कं केलं. ज्यांच्या आधीच्या बाळात असा दोष होता, त्यांच्यात तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पण चार आठवड्यांत आमच्याकडे पाळी चुकली की नाही यावरच विचार चाललेला असतो. नोंदणी होईपर्यंत तिसरा महिना उजाडतो. लग्न झाल्या महिन्यापासून "काही विशेष?" विचारणारे सगळे असतात, तेव्हा फॉलिक ॲसिडची गोळी हातावर ठेवणारं कुणी नसतं. नव्या नवरीला जाऊ आता आडून विचारते. तरी एका सासूनं तिला "अजून काय न्हाई, तू का घाई करतीस?" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं.

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. ओटी भरून, नवं लुगडं नेसून, गाडीत खाऊचे डबे घालून जाते आणि गोळ्यांचं पाकीट सासरी राहतं. माहेरच्या आशेच्या रजिस्टरात ती नसते. मुलगी घर बदलते आणि नेमक्या ज्या दिवसांत बाळ सगळ्यात जास्त लोह ओढतं, त्या दिवसांत ती दोन गावांच्या मध्ये हरवते. जावेनं यावर साधा उपाय काढला. ओटीच्या सामानात, खणाच्या घडीत, ती स्वतः पाकिटं ठेवून येते. सुरुवातीला "ओटीत औषध ठेवतात का?" असं म्हणून बायका कुरकुरल्या. ओटीत ठेवलेली वस्तू टाकत नाहीत, एवढा फायदा मात्र झाला.

वेळापत्रकाचं कोडं तिनं असंच अर्धंमुर्धं सोडवलं आहे. पुस्तकातल्या सगळ्या सूचना एकाच दिवसात पाळता येणार नाहीत, हे तिनं मान्य केलं आणि दवाखान्यातल्या मॅडमना विचारून त्यातल्या त्यात महत्त्वाचं धरलं. कॅल्शियम सकाळच्या भाकरीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर. लाल गोळी रात्री, जेवण झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, पाण्याबरोबर, असलं तर लिंबू पिळून. जेवणानंतर घेतली तर थोडं कमी अंगी लागेल, पण मळमळ झोपेत निघून जाते. कमी लागलेलं चालेल, सुटलेली गोळी चालत नाही. पाकीट आरशाच्या कडेला, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी खोचायचं. झोपताना टिकली काढून आरशावर चिकटवायची सवय सगळ्यांनाच असते.

एखादा दिवस राहिला तर? पोरी घाबरून विचारतात, काही जणी दुसऱ्या दिवशी दोन घेतात आणि मग दोन दिवस ओकतात. दोन घ्यायच्या नाहीत. गेलेला दिवस गेला, पुढची वेळेवर घ्यायची. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या, पण गरोदर नसलेल्या तरुणींवर अभ्यास केला होता. लोहाची गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाला आतड्यात अडवतं. म्हणून एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह प्रमाणानं जास्त अंगी लागलं. यावरून गरोदर बाईनं मनानंच एक दिवसाआड सुरू करू नये, तिला रोजच घ्यायची आहे. पण एक दिवस चुकला म्हणजे सगळं फुकट गेलं, असं समजून उरलेलं पाकीट गादीखाली सरकवणाऱ्या पोरीला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

बाळंतपणानंतरच्या १८० गोळ्या तर कुणाच्या गावीच नसतात. डिंकाचे लाडू होतात, हळिवाची खीर होते, शेक-शेगडी होते, सगळं दुधासाठी. "आता सुटली की ती, आता गोळ्या कशाला?" असं माहेरी आणि सासरीही म्हणतात. रक्त जातं ते बाळंतपणात, हे ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याही म्हणतात.

ज्या पोरीच्या दिवसाचं वेळापत्रक मी वर दिलं, तिच्याकडे मात्र एक गंमत झाली. जावेनं तिला काही विचारणं सोडून दिलं आणि सासूला सांगितलं, की आत्या, रात्री भांडी झाली की तुम्ही तिच्या हातावर गोळी ठेवायची, हे काम तुमचं. बाई खमकी. तिनं ते इतक्या शिस्तीनं धरलं, की गोळी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. सून आता तिच्याबरोबरच जेवायला बसते, कारण उशीर झाला तर सासूची झोप मोडते. आठव्या महिन्यात सुनेचं रक्त दहा निघालं. त्या दिवशी सासू जावेला म्हणाली, "मला बी दे की दोन पाकिटं. माझं बी पाय वळतात, जिना चढला की धाप लागती." चार बाळंतपणं झालेली, चारही वेळा गोळी न बघितलेली बाई. कार्यक्रमात एकोणपन्नास वर्षांपर्यंतच्या बायका बसतात, आणि हिचं वय बावन्न. जावेच्या रजिस्टरमध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता. जाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेली, केसपेपर काढला, बोट टोचलं. साडेसात निघालं, सुनेपेक्षा अडीचनं कमी. डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या, गोळ्या दिल्या. कधी खायच्या ते सांगायला तिथं कुणाला वेळ नव्हता. ते जावेनं एसटीत सांगितलं, आणि घरी आल्यावर सुनेला बोलावून म्हणाली, "आता रात्री ह्यांच्या हातावर तू ठेवायची."